इलियडचं भाषांतर निवडायचंय? सहाव्या सर्गातल्या आठ ओळी वाचा

मुकादम

इलियड, म्हणजे होमरचं ट्रॉयच्या युद्धावरचं प्राचीन ग्रीक महाकाव्य, वाचायला घ्यायचं म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो: भाषांतर कुणाचं घेऊ? उत्तर शोधायची पद्धतही ठरलेली. चार-पाच भाषांतरांच्या सुरुवातीच्या ओळी शेजारीशेजारी मांडायच्या, ग्रीक वीर अकिलीसचा क्रोध कुणी कसा उतरवलाय ते बघायचं आणि निकाल लावून मोकळं व्हायचं. मला ही कसोटी बिनकामाची वाटते. सगळे तिथेच बघणार हे भाषांतरकारालाही ठाऊक असतं, त्यामुळे त्या ओळी तो लखलखीत करूनच देतो. प्रश्न उरलेल्या पंधरा हजार ओळींचा आहे.

त्यापेक्षा सहावा सर्ग उघडा. ओळ १२ ते १९.

तिथे डायोमिडीज हा ग्रीक योद्धा ट्रॉयच्या बाजूच्या अक्सिलस नावाच्या माणसाला मारतो. हा अक्सिलस आधी कुठे येत नाही, पुढेही येणार नाही. होमर त्याच्याबद्दल एवढंच सांगतो: ट्युथ्रसचा मुलगा, अरिस्बीचा राहणारा, खाऊनपिऊन सुखी, माणसांना हवाहवासा. कारण घर रस्त्याला लागून होतं आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाचं तो आगतस्वागत करायचा. पण त्यांतलं कुणीही आज पुढे येऊन त्याचं मरण अडवलं नाही. तो गेला, त्याचा रथ हाकणारा कॅलेसियस गेला, दोघंही मातीआड झाले. पुढची ओळ तिसऱ्याच कुणाच्या मरणाची.

माझ्या मते इलियड म्हणजे हे आहे. आपण शाळेत किंवा सिनेमातून जी 'ट्रॉयची गोष्ट' ऐकलेली असते तिच्यातलं बरंचसं इलियडमध्ये नाहीच. लाकडी घोडा नाही (तो होमरच्याच दुसऱ्या काव्यात, ओडिसीत, तोही आठवण म्हणून). अकिलीसची टाच नाही, त्याचा मृत्यूही नाही. दहा वर्षांच्या युद्धातले शेवटाकडचे जेमतेम पन्नासेक दिवस, त्यातही प्रत्यक्ष लढाई चारच दिवसांची. या चार दिवसांत दोनशेहून जास्त माणसं नावानिशी मरतात. कुणाला अर्धी ओळ, कुणाला आठ, क्वचित एखाद्याला शंभर. चौथ्या सर्गातला सिमोइसियस बघा. आईवडलांबरोबर मेंढरं बघायला इडा डोंगरावर गेलेली त्याची आई उतरताना सिमोइस नदीच्या काठी बाळंत झाली, म्हणून हे नाव. ग्रीक वीर एजॅक्सचा भाला छातीत बसतो आणि तो पॉप्लरच्या झाडासारखा कोसळतो. रथ करणाऱ्याने चाकाचा घेर वाकवायला तोडलेलं आणि नदीकाठी वाळत पडलेलं झाड. आईबापांनी वाढवलं त्याची परतफेड करायची राहून गेली, हेही होमर सांगून ठेवतो. हा पोरगा ट्रॉयच्या बाजूचा, म्हणजे गाणाऱ्याच्या आणि ऐकणाऱ्यांच्या दृष्टीने शत्रू.

आता भाषांतरांकडे. अलेक्झांडर पोपने (१७१५ ते १७२०) यमकबद्ध द्विपदींत इलियड केलं. त्याच्या अक्सिलसच्या दारात 'श्रीमंत' आणि 'गरीब' दोघंही येतात, आणि कॅलेसियस 'म्हातारा' आणि 'इमानी' होतो. होमरमध्ये यातलं काहीही नाही. यमक जुळलं, समाधिलेख झोकात झाला आणि माणूस हरवला. रिचर्ड बेंटली या पंडिताने पोपला तोंडावर सांगितलं होतं म्हणतात, की काव्य सुरेख आहे, पण याला होमर म्हणू नका.

रिचमंड लॅटिमोर (१९५१) ग्रीक ओळीच्या जवळजवळ मागोमाग चालतो. त्यामुळे माहिती ज्या क्रमाने ग्रीक श्रोत्याच्या कानावर पडली त्याच क्रमाने आपल्याला मिळते: आधी नाव, मग बाप, गाव, घर, पाहुणे, आणि मग तो 'पण'. हा क्रम हाच सगळा जीव आहे. रॉबर्ट फेगल्स (१९९०) नाट्यमय, कुठेकुठे आवाज चढवणारा. भांडणं आणि भाषणं त्याच्याइतकी कुणाची रंगत नाहीत, पण अशा मुक्या जागी तो मला जरा जास्त बोलतो. एमिली विल्सनचं इलियड (२०२३) छोट्या ओळींचं, वेगवान, शब्द रोजच्या वापरातले. तिच्याकडे ही मरणं पटकन होतात, आणि मला ते बरोबर वाटतं.

माझा कौल: शांतपणे वाचणार असाल तर लॅटिमोर, मोठ्याने वाचणार असाल तर विल्सन. तुमचे अक्सिलस कोणते आहेत ते सांगा.

---

खडीसाखर

मुकादम, लेख आवडला, पण कसोटी इंग्रजांच्या कानाची आहे. आपल्यापैकी बहुतेकांना इंग्रजी ही शाळेत शिकलेली भाषा. ब्लँक व्हर्सची (म्हणजे बिनयमकाच्या इंग्रजी पद्याची) पाच ठेक्यांची ओळ ऐकून इंग्रज माणसाच्या अंगात जे काही हलतं ते माझ्या अंगात हलत नाही. मला कविता दिसते ती फक्त उजवीकडची मोकळी जागा म्हणून.

मी ई. व्ही. रियूचं गद्य भाषांतर वाचलं. पेंग्विन क्लासिक्स ही मालिकाच १९४६ साली त्याच्या ओडिसीने सुरू झाली, इलियड १९५० चं. गोष्ट म्हणून सरळ वाचता आलं, कुठे अडखळले नाही. ट्रॉयचा वीर हेक्टर आणि त्याची बायको अँड्रोमकी यांचा निरोप, शिरस्त्राणावरचा तुरा बघून घाबरलेलं पोर, ट्रॉयचा म्हातारा राजा प्रायम मुलाच्या मारेकऱ्याचे हात धरतो तो प्रसंग, सगळं काळजाला भिडलं. पद्य नव्हतं म्हणून माझं काय राहिलं?

---

मुकादम

खडीसाखरताई, तुम्ही सांगितलेले तिन्ही प्रसंग कुठल्याही भाषांतरात भिडतात. सारांशातसुद्धा भिडतात! म्हणूनच ते कसोटीला घ्यायचे नाहीत. गद्याचा धोका वेगळा आहे. गद्य लिहिणारा वाक्यं नीट लावतो, कारणं जोडतो, 'म्हणून' आणि 'त्यामुळे' घालतो. अक्सिलस 'आतिथ्यशील' होतो आणि पुढच्या परिच्छेदात विरघळतो. पद्यात ओळ संपते तिथे थांबावं लागतं, नको असलं तरी.

बाकी रियूबद्दल मनात काही नाही. पहिल्या वाचनाला उत्तमच.

---

शेवटची_लोकल

धागा भारी. एक अडाणी प्रश्न. मी लोकलमध्ये उभ्याने वाचतो. पहिला सर्ग फुल स्पीडमध्ये गेला: ग्रीकांचा सेनापती अगमेम्नन आणि अकिलीसचं भांडण म्हणजे आमच्या ऑफिसातली मीटिंगच. दुसऱ्या सर्गात जहाजांची यादी सुरू झाली आणि मी गार. अमक्या गावाहून अमका, इतकी जहाजं. संपतच नाही. सोडून दिली तर चालेल का? सगळे म्हणतात सोड.

---

नर्मदेकाठी

सोडू नका हो. २९ तुकड्या, सगळी मिळून ११८६ जहाजं, कंटाळा येणं साहजिक आहे. पण मधेमधे माणसं पेरलेली आहेत. फिलाकी गावचा प्रोटेसिलॉस. ट्रॉयच्या किनाऱ्यावर पहिली उडी त्याची, आणि पहिला मेलाही तोच. मागे बायको गाल ओरबाडून रडतेय आणि घर अर्धंच बांधून झालंय. अर्ध्या ओळीत ते अर्धं घर. किंवा सिमी बेटाचा निरियस: अकिलीसच्या खालोखाल देखणा, पण दुबळा, आणला तीनच जहाजांचा काफिला. लागोपाठ तीन ओळींच्या सुरुवातीला त्याचं नाव घेतलंय आणि त्यानंतर आख्ख्या काव्यात तो पुन्हा दिसत नाही.

ही यादी म्हणजे त्या काळच्या श्रोत्याला 'आमचं गाव आलं का?' असा कान लावून ऐकायची गोष्ट असणार. तुम्ही डोळ्यांनी वाचताय म्हणून जड जातंय.

---

शेवटची_लोकल

ओके, अर्ध्या घराकरता परत जातो. ऑडिओ आहे का काही?

---

खडीसाखर

आहे ना. विल्सनचं इलियड ऑड्रा मॅकडॉनल्ड या नटीने वाचलंय. फेगल्सची ओडिसी इयन मॅकेलनच्या आवाजात आहे. मॅकेलन ऐकताना स्टेशन चुकेल, जपून.

---

पिंपळपान१

इथे एक विरोधी सूर लावतो. मुकादम म्हणतात त्या छोट्या मरणांवर इतकं भाळून जायचं कारण नाही. हा साचा आहे. नाव, मग दोन ओळींचं चरित्र, मग भाला कुठे घुसला, मग डोळ्यांवर अंधार. पाचवा सर्ग वाचा, हे यंत्रासारखं चालतं. मिल्मन पॅरी आणि आल्बर्ट लॉर्ड हे अमेरिकन अभ्यासक १९३३ ते १९३५ या काळात युगोस्लाव्हियात फिरले, तिथल्या गायकांची गाणी त्यांनी ध्वनिमुद्रित केली. आव्दो मेजेदोविच नावाच्या, लिहितावाचता न येणाऱ्या गायकाने त्यांना बारा हजारांवर ओळींचं एक गाणं सांगितलं. हे पाठांतर नव्हे. तयार तुकडे हाताशी ठेवून गाता गाता रचलेलं. होमरचं 'चपळ पायांचा अकिलीस' तसंच: तो बसलेला असला तरी चपळ पायांचाच, कारण ओळीत तेवढी जागा भरायची असते.

मग अक्सिलसचं रस्त्यालगतचं घरही तयार तुकडाच कशावरून नसेल? आपण आधुनिक कादंबरीची नजर घेऊन जातो आणि भरतीच्या ओळींत करुणा शोधतो.

---

मुकादम

पिंपळपानराव, साचा आहे हे मान्यच. पण साच्यातून दर वेळी तेच निघत नाही, मजा तिथे आहे. तेराव्या सर्गातला ऑथ्रिओनियस घ्या. हा प्रायमच्या मुलीशी, कसांड्राशी, लग्न करायला आलेला. देज (नवऱ्याने मुलीच्या बापाला द्यायचं मोल) द्यायचं नाही, त्याऐवजी ग्रीकांना हाकलून लावतो, असा वायदा त्याने प्रायमशी केलेला. झोकात पावलं टाकत येतो आणि इडोमेनियस या ग्रीक वीराचा भाला पोटात बसतो. तर इडोमेनियस त्याचा पाय धरून ओढत नेताना म्हणतो, चल, तुला अगमेम्ननची सगळ्यांत देखणी मुलगी देतो, फक्त आमच्या बाजूने ट्रॉय जिंकून दे. चल जहाजावर, बोलणी करू, देजासाठी अडून बसणारे सोयरे आम्ही नव्हे!

आता याच्या शेजारी अकराव्या सर्गातला इफिडमस ठेवा. तोही लग्नाचाच. नवी नवरी घरात सोडून बारा जहाजं घेऊन निघालेला. शंभर गुरं देज म्हणून दिलेली, वर हजार शेळ्यामेंढ्या द्यायचं कबूल केलेलं. अगमेम्नन त्याला मारतो, होमर म्हणतो तो 'ब्राँझची झोप' झोपला, आणि तिचं सुख त्याला मिळालंच नाही. साचा एकच: नवरदेव, देज, भाला. एकात क्रूर थट्टा, दुसऱ्यात घशात आवंढा. तयार तुकडे असणं आणि ते कुठे लावायचे हे कळणं, या दोन गोष्टी आहेत. तमासगीर शाहीरही तीच झील वापरतो म्हणून सगळे पोवाडे सारखे होत नाहीत.

---

पिंपळपान१

इफिडमसला +१. पाचवा सर्ग तरी कंटाळवाणाच.

---

नर्मदेकाठी

थोडं आपल्या बाजूने. महाभारतात रडणं साठवून ठेवलंय. अठरा दिवस लोक मरतात, आणि मग स्त्रीपर्वात गांधारी व्यासांनी दिलेल्या दृष्टीने रणभूमी बघते. कुणाचा हात, कुणाचं कुंडल, कोण कुणाच्या मांडीवर पडलंय. मधे अभिमन्यूसारखे अपवाद आहेत, पण हिशोब शेवटी एकदम होतो. इलियडमध्ये हा हिशोब उधारीवर ठेवत नाहीत, जागच्या जागी चुकता करतात. माणूस पडला की तिथेच त्याची आई, त्याचं गाव, त्याची अर्धी राहिलेली कामं. म्हणून इलियड सलग वाचवत नाही. मला दिवसाला एका सर्गापेक्षा जास्त झेपत नाही.

आणि मुकादमांच्या बोलण्याला जोड म्हणून: ॲलिस ऑसवल्ड या इंग्रज कवयित्रीने २०११ साली 'मेमोरियल' लिहिलं. तिने इलियडमधलं कथानकच काढून टाकलं. अकिलीसचा राग नाही, देवांची भांडणं नाहीत. उरले फक्त मेलेले लोक आणि उपमा. सुरुवातीला पानंच्या पानं नुसती नावं, प्रोटेसिलॉसपासून हेक्टरपर्यंत. याला भाषांतर म्हणायचं का यावर वाद घाला, पण तुमच्या अक्सिलसला त्यात हक्काची जागा आहे.

अवांतर: होमर भारतीय भाषेत गेल्याचा सगळ्यांत जुना दावा इसवीसनाच्या पहिल्या-दुसऱ्या शतकातला. डिओ क्रिसोस्टम नावाचा ग्रीक वक्ता म्हणतो की भारतीय लोक होमर आपल्या भाषेत गातात, त्यांना प्रायमची दुःखं, अँड्रोमकी आणि हेक्टरची आई हेक्युबा यांचे विलाप माहीत आहेत. अभ्यासकांचा अंदाज असा की कुणीतरी महाभारत ऐकलं आणि तो होमरच समजला. म्हणजे ऐकणाऱ्याला विलाप तेच वाटले!

---

ओसरी

गांधारमध्ये सापडलेलं ट्रॉयच्या घोड्याचं एक शिल्प ब्रिटिश म्युझियममध्ये आहे, ते आठवलं. चाकांवरचा घोडा, समोर हात वर केलेली बाई. गोष्ट इथवर आली होती हे नक्की.

पण इतकं सगळं इंग्रजीवरच का बोलतोय आपण? खडीसाखरताईंचा मुद्दा खरा आहे, कान आपला नाही. मग आपल्या कानाला करून बघू. बंगालीत मायकेल मधुसूदन दत्तांनी एकोणिसाव्या शतकातच 'हेक्टरवध' लिहायला घेतलं होतं. अक्सिलसवर माझा हात, ओवीत:

अरिस्बीचा अक्सिलस
घर त्याचें वाटेस
आलियागेलियास
पंगत तेथें ॥

परी ते समयीं कोणी
उभा न ठाके रणीं
सारथी आणि धनी
मातीस गेले ॥

---

शेवटची_लोकल

वा! हे तर पाठ होईल.

---

मुकादम

ओसरी, दुसरी ओवी झकास. 'सारथी आणि धनी, मातीस गेले' याच्यापुढे मी टोपी काढतो. पण पहिल्या ओवीत अक्सिलस संत झाला. 'आलियागेलियास' म्हटलं की ज्ञानेश्वरी कानात वाजते, आणि मग या माणसाचं पुढे देवाच्या दारी काहीतरी भलं होणार असं वाटत राहतं. होमरकडे तसलं काही नाही. पाहुणचार केला, उपयोग झाला नाही. पुण्य खात्यावर जमा झालेलं नाही.

आणि डायोमिडीज कुठे गेला? मारणारा गायब.

---

ओसरी

मारणारा महत्त्वाचा नाही असं तुम्हीच वर म्हणालात ना? :)

---

अनुष्टुभ

उशिरा आलो, पण छंदाचा विषय निघाला म्हणून राहवत नाही. ग्रीक थोडंफार वाचता येतं, त्याच्या जोरावर बोलतो.

होमरची ओळ हेक्झामीटर. सहा गण. प्रत्येक गण एकतर गुरु-लघु-लघु, म्हणजे आपला भगण, नाहीतर गुरु-गुरु. दोन्हींच्या मात्रा चारच. शेवटचा गण दोन अक्षरांचा, आणि पाचवा बहुतेक वेळा भगणच. म्हणजे ओळीला चोवीस मात्रा, अक्षरं मात्र बारापासून सतरापर्यंत कितीही. इंग्रजीत ही गोष्ट होऊच शकत नाही, कारण तिथे आघातावर चालतं, अक्षराच्या लांबीवर नाही. म्हणून सगळे इंग्रजी भाषांतरकार काहीतरी तडजोड करतात: लॅटिमोर सहा ठेक्यांची सैल ओळ घेतो, विल्सन पाच ठेक्यांची घट्ट. मॅथ्यू आर्नल्ड या इंग्रज कवी-समीक्षकाने १८६१ साली होमरच्या भाषांतरावर व्याख्यानं छापली, त्यात इंग्रजी हेक्झामीटरचा आग्रह धरला आणि स्वतः करून दाखवलेल्या ओळी काही कुणाला रुचल्या नाहीत. मात्र त्याने होमरचे चार गुण सांगितले ते आजही लोक धरून बसतात: वेग, भाषेचा साधेपणा, विचाराचा साधेपणा आणि उदात्तपणा.

मराठीला ही अडचण नाही. लघु-गुरु आपल्या हाडात आहेत. मोरोपंतांची आर्या चार-चार मात्रांच्या गणांवरच चालते, आणि तिच्यात त्यांनी आख्खं महाभारत बसवलंय. तेव्हा चोवीस मात्रा, सहा चतुष्कल (चार मात्रांचे गट), यमक नाही (ग्रीकमध्ये यमक नाही, ओसरी!), असं करून बघतो:

अक्सिलसाला लोळवि तेव्हा डायोमीडिज.
वाटेवरती घर अन् येई त्याला थारा.
त्यातिल कोणी नाही आला पुढती तेव्हा.
धनी नि सारथि दोघे गेले मातीखाली.

ग्रीक नियम काटेकोर लावला तर यात चुका आहेत. प्रत्येक गण गुरूने सुरू व्हायला हवा. 'वरती', 'पुढती', 'धनी नि' हे लघूने सुरू होतात. मराठीत तेवढा कडकपणा ठेवला तर सगळे शब्द 'वाटे' आणि 'माती'सारखेच शोधावे लागतील. मात्रा मोजा, गणाची सुरुवात मोकळी सोडा, असं माझं मत.

---

पिंपळपान१

मोजल्या. चोवीस भरतात. डायोमिडीजचा दीर्घ मात्र 'मी'वर चढून बसलाय, बिचारा.

---

अनुष्टुभ

होमरही नावं ताणतो हो. अकिलीसच्या नावात 'ल' कधी एक, कधी दोन. छंदापुढे वीरही नमतात.

---

खडीसाखर

मात्रा बरोबर असतील, पण मला यात बडबडगीताचा ठेका येतोय. चारी ओळी जिथल्या तिथे संपतात, प्रत्येकीपुढे पूर्णविराम. मुकादमांनी पद्याची बाजू घेताना 'ओळ संपते तिथे थांबावं लागतं' म्हटलं होतं, पण इथे नुसतं थांबणंच आहे. मूळ ग्रीकमध्ये वाक्य ओळ ओलांडून पुढे जातं का?

---

अनुष्टुभ

जातं, आणि तुम्ही नेमकी दुखरी जागा धरलीत. अक्सिलसचं नाव पहिल्या ओळीच्या तोंडाशी येतं, 'ट्युथ्रसचा मुलगा' हे दुसरीच्या तोंडाशी. मरण संपलं असं वाटतं तोवर पुढच्या ओळीत कळतं की एक नाही, दोघं मेले; आणि कॅलेसियस 'त्या वेळी घोडे हाकत होता' हे वाक्य आणखी एक ओळ ओलांडून पूर्ण होतं. म्हणजे नोकराचं मरण वाक्याच्या शेपटीला लोंबकळत येतं. माझ्या चार ओळींत ते गेलं. आठाच्या चार केल्या की जाणारच.

---

मुकादम

हा मुद्दा माझ्या कसोटीत भर घालणारा आहे. कॅलेसियस कुठे येतो ते बघा. जिथे भाषांतरकाराने त्याला आधीच उचलून 'अक्सिलस आणि त्याचा सारथी कॅलेसियस या दोघांना मारलं' असं एका दमात सांगून टाकलं, ते पुस्तक परत फळीवर.

मराठी करायचं तर मला गद्यच बरं वाटतंय, पण तुटक गद्य. असं काहीतरी:

'मग डायोमिडीजनं अक्सिलसला मारलं. ट्युथ्रसचा मुलगा, राहायचा अरिस्बीला. घरचं चांगलं होतं, आणि माणसांना हवासा. घर रस्त्यावरच, येईल त्याला जेवू घालायचा. त्यातला एकजणही पुढे झाला नाही त्या वेळी, कुणी आड आलं नाही. जीव गेला, दोघांचा, त्याचा आणि कॅलेसियसचा, घोडे हाकायला बरोबर आलेल्या. दोघंही मातीआड.'

---

खडीसाखर

शेवटी गद्यावरच आलात! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

---

मुकादम

तुटक गद्य, ताई, तुटक.

---

शेवटची_लोकल

एकविसाव्या सर्गापर्यंत उडी मारली, कारण ऑडिओत तो भाग चुकून लागला. लायकॉन. हे काय आहे? माणूस हातापाया पडतोय आणि अकिलीस त्याच्याशी गप्पा मारल्यासारखं बोलून मारतो.

---

नर्मदेकाठी

बापरे, तुम्ही थेट तिथेच पोचलात. मुकादम म्हणाले ना, क्वचित एखाद्याला शंभर ओळी मिळतात, तो हा. लायकॉन प्रायमचा मुलगा. अकिलीसने त्याला आधी एकदा पकडलेलं असतं, रात्री बापाच्या बागेत, रथाचे कठडे करायला अंजिराच्या फांद्या तोडत असताना. त्याला लेम्नोस बेटावर विकतो, शंभर बैलांच्या मोलाने. तिथून सोडवला जातो, घरी येतो. अकरा दिवस आपल्या माणसांत काढतो. बाराव्या दिवशी पुन्हा अकिलीसच्याच हातात. एका हाताने त्याचे गुडघे धरतो, दुसऱ्याने भाला, आणि सांगतो की मी हेक्टरचा सख्खा भाऊ नाही, आई वेगळी. त्यावर अकिलीसचं उत्तर: पॅट्रोक्लस (अकिलीसचा जिवलग मित्र) जिवंत होता तोवर मी लोकांना सोडत होतो. आता नाही. तूही मर, रडतोस कशाला? पॅट्रोक्लसही मेला, तो तुझ्यापेक्षा कितीतरी चांगला होता. आणि मलाही बघ, मीही मरणारच आहे, सकाळी, दुपारी, कधीतरी.

लायकॉन भाला सोडून देतो आणि दोन्ही हात पसरून बसतो.

---

पिंपळपान१

हा भाग साचा नाही. हे लिहून देतो.

---

ओसरी

लायकॉन वाचून गप्प झाले होते. व्यावहारिक प्रश्न: सहावा सर्ग बघायचा कसा? किंडलच्या नमुन्यात पहिलाच सर्ग आणि शंभर पानांची प्रस्तावना येते.

---

अनुष्टुभ

पोप आणि सॅम्युएल बटलर (गद्य, १८९८) प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट आहेत. मूळ ग्रीक हवं असेल तर टफ्ट्स विद्यापीठाच्या पर्सियस संकेतस्थळावर. शब्दावर टिचकी मारली की अर्थ आणि व्याकरण मिळतं. लिपी आठवड्यात येते, घाबरू नका. बाकीच्यांसाठी वाचनालय किंवा दुकानात उभं राहून. प्रस्तावना मात्र फेगल्सच्या पुस्तकातली, बर्नार्ड नॉक्सची, सोडू नका.

---

खडीसाखर

आणि ओडिसीसाठी कसोटी कोणती? तिथे इतके लोक मरत नाहीत.

---

मुकादम

एल्पेनॉर. ओडिसियसच्या माणसांतला सगळ्यांत तरुण, ना फार शूर ना फार शहाणा. दारू पिऊन सर्सी या जादूगारणीच्या घराच्या छतावर झोपतो, निघायची गडबड ऐकून धडपडत उठतो, शिडी आहे हे विसरतो आणि मान मोडून मरतो. पाताळात ओडिसियसला सगळ्यांत आधी भेटतो तो हाच. म्हणतो, मला जाळा, समुद्रकाठी माती रचा आणि मी जे वल्हं मारायचो ते वर रोवा. दहाव्या सर्गाचा शेवट आणि अकराव्याची सुरुवात. भाषांतरकार त्याला हसतो का, हे बघायचं.

---

नर्मदेकाठी

एल्पेनॉर ठीक, पण ओडिसीची खरी कसोटी बाविसाव्या सर्गात आहे. ओडिसियसच्या घरातल्या, फाशी दिलेल्या बारा दासी. ओडिसियसचा मुलगा टेलेमॅकस याच्या तोंडी ग्रीकमध्ये त्यांच्यासाठी शिवी नाही, आणि जुन्या भाषांतरांपैकी कित्येकांनी ती घातलीये. विल्सनने २०१७ च्या ओडिसीत हेच उघड केलं.

---

मुकादम

नर्मदेकाठी, त्याचा वेगळा धागा काढा, इथे दोनशे प्रतिसाद होतील आणि अक्सिलस पुन्हा मातीआड जाईल. काढलात की लिंक द्या, मी येतो भांडायला.

---

नर्मदेकाठी

काढते. रविवारी.